दोन कोटींनी सरकलेली भिंत

एकदा एका गावात भूमापन शिकवणारे वृद्ध गुरुजी राहत होते. साखळी म्हणजे तेहतीस फूट, तिचे भाग सोळा, प्रत्येक भागाला म्हणायचे आणा, ही जुनी मापे त्यांच्या जिभेवर होती. त्यांच्याकडे एक शिष्य होता, विज्ञानाची पदवी घेऊन आलेला. फार हुशार, आणि फार हुशार माणसाला साधे उत्तर सहसा पुरत नाही. साखळी आणि आणा त्याला ओबडधोबड वाटत. अणूंच्या लांबीसाठी शास्त्रज्ञ वापरतात ते अँगस्ट्रॉम हे त्याचे लाडके माप. गावचा रस्ता म्हणू नका, देवळाचा सभामंडप म्हणू नका, दिसेल त्याचे तो अँगस्ट्रॉम करून ठेवी. गुरुजी हसत आणि म्हणत, "चालू दे तुझं."

त्या गावात धान्याचे एक व्यापारी होते आणि त्यांच्या आवाराला लागूनच एका वैद्यांचे घर होते. दोघे लहानपणापासूनचे मित्र. मधली भिंत पडायला आली होती, ती वैद्यांनी नवी बांधून घेतली. व्यापारी म्हणाले, "बांधलीच आहे तर एकदा मोजूनही टाकू. पुढे मुलाबाळांना कटकट नको." गुरुजी नेमके परगावी गेले होते, म्हणून शिष्य उत्साहाने गेला.

जुन्या नकाशात व्यापाऱ्यांच्या आवाराची रुंदी चार साखळ्या होती. शिष्याने पोलादी फीत लावून ती मोजली, सवयीने अणूंच्या मापात बदलली आणि ऐटीत सांगितले, "नकाशाप्रमाणे तुमची रुंदी चाळीस हजार दोनशे तेहतीस कोट साठ लाख अँगस्ट्रॉम. प्रत्यक्षात दोन कोट कमी भरते."

व्यापाऱ्यांना अँगस्ट्रॉम कळले नाही. कोट मात्र बरोबर कळले. त्यांच्या तोंडचे पाणीच पळाले.

"दोन कोट? म्हणजे वैद्यांनी माझे दोन कोट दाबले?"

"भिंत तेवढी आत आली आहे, हे खरं," शिष्य म्हणाला. खोटे तर तो बोलत नव्हता.

झाले. दुसऱ्याच दिवशी व्यापाऱ्यांनी भिंत पाडायला गवंडी सांगितला. वैद्य एवढेच म्हणाले, "तू मला चोर ठरवलंस," आणि आत निघून गेले. शिष्याला अन्न गोड लागेना. दोन म्हाताऱ्यांचा जन्माचा स्नेह आपल्या एका गुणाकारापायी मोडतो आहे, हे त्याला दिसत होते. पण आकडा चुकीचा कुठे होता? तेच त्याला सापडत नव्हते.

गुरुजी परतले तेव्हा त्याने सगळे सांगून टाकले. त्यांनी गुणाकार शांतपणे तपासला आणि म्हणाले, "बरोबर आहे." ते ऐकून तर बिचारा आणखीच खचला.

दोघे भिंतीपाशी पोहोचले तेव्हा गवंडी पहार घेऊन उभाच होता. गुरुजींनी वैद्यांनाही बाहेर बोलावले.

"शेठ, तुमचे दोन कोट आत्ताच्या आत्ता परत करतो," ते म्हणाले. "जरा दुकानातून मूठभर बाजरी मागवा."

बाजरीचे इथे काय काम, हे कोणालाच उमगेना. बाजरी आली. गुरुजींनी त्यातला एक बारीकसा दाणा निवडला, फितीवर धरून पाहिला आणि व्यापाऱ्यांच्या तळहातावर ठेवला.

"घ्या. हे दोन कोट."

व्यापारी दाण्याकडे पाहतच राहिले. "एवढेच?"

"एवढेच. एका मिलिमीटरमध्ये कोटभर अँगस्ट्रॉम मावतात."

मग गुरुजी शिष्याकडे वळले. "अरे, गुणाकार तुझा चोखच आहे. पण तो नकाशा झाला तेव्हा लोखंडी साखळी उन्हातान्हातून ओढली गेली होती. लोखंड उन्हात लांबतं, कड्या झिजतात, धरणाऱ्याचा हात कधी ताठ, कधी सैल. एवढ्या अंतरात चार बोटं इकडची तिकडे झाली तरी तो मोजणीदार प्रामाणिकच. त्यानं 'चार साखळ्या' लिहिलं, तेव्हा ती चार बोटं त्यात धरलेलीच होती. तू त्याची साखळी गुणलीस, पण तिच्याबरोबर ती बोटंही गुणली गेली, ती तुला दिसली नाहीत. माप सूक्ष्म केलं म्हणून आपलं ज्ञान सूक्ष्म होत नाही. ज्याला एवढं कळलं, त्यानं खुशाल अणू मोजावेत."

व्यापाऱ्यांची मान खाली गेली होती. ते वैद्यांजवळ गेले. "चुकलो रे. नको ते बोललो तुला."

"बोललास खरा," वैद्य म्हणाले, "आणि लागलंही." मग त्यांनी मित्राच्या तळहातावरचा दाणा चिमटीत उचलून पाहिला आणि त्यांना हसू आवरेना. व्यापारीही हसू लागले.

गवंडी बिचारा ताटकळला होता. "मग पाडायची का नाही भिंत?" त्याने विचारले.

सगळ्यांनी शिष्याकडे पाहिले. मोजणी त्याची होती, उत्तरही त्यानेच द्यायचे होते. त्याने मोजणीचा कागद घडी करून खिशात ठेवला.

"नको," तो म्हणाला. "भिंत जागेवर आहे."

आपल्यालाही कोणी मोठा आकडा ऐकवला, तर रागावण्यापूर्वी तो एकदा तळहातावर मागून घ्यावा.