शेठचं जहाज आणि जिवाईचं रोप

एका बेटावर साग एवढा माजला होता, की दरबाऱ्यांची डोकीही लाकडाचीच झाली होती. परमुलुखातला तुळाजीशेठ तिथून ओंडके न्यायचा आणि त्यांच्याच खुर्च्या करून बेटालाच विकायचा. यंदा त्याने करार आणला: सगळं जंगल तोडायची मुभा, वर जकात माफ.

“जंगलाची काळजी नको,” तो छाती फुगवून म्हणाला. “एका झाडामागे एक रोप लावीन. फिट्टंफाट!”

दरबाऱ्यांनी टाळ्या पिटल्या. राजाने शिक्का उचलला. तेवढ्यात होड्या बांधणारी म्हातारी जिवाई पुढे झाली. त्या बेटावर पणजीने लावलेल्या झाडाची होडी पणती बांधायची. जिवाईने सागाचं वीतभर रोप शेठच्या हातात ठेवलं.

“शेठ, तुमचं जहाज सागाचंच ना? ते आम्हाला द्या आणि हे रोप घेऊन घरी जा.”

“रोपावर बसून समुद्र कसा ओलांडू?” शेठ खेकसला.

“मग थांबा की शंभर वर्षं. आम्हालाही तेच सांगताय ना?”

राजाने शिक्का खाली ठेवला. त्यानंतर बेटाबाहेर ओंडके गेले नाहीत, होड्या गेल्या. पुढच्या वर्षी शेठ मुकाट्याने होडी विकत घ्यायला आला, तेव्हा जिवाईने एवढंच विचारलं, “रोप केवढं झालं, शेठ?”