डिकीतला पंप

नवरा गेल्यापासून शरयू एकटीच राहायची. एकदा ती थोरल्या दिरांना, निवृत्त कलेक्टर अप्पासाहेबांना, गाडीतून लग्नाला घेऊन निघाली आणि भर माळरानावर चाकात खिळा घुसला.

“स्टेपनीच नाही? एकट्या बाईने असली गाडी घ्यावीच कशाला?” अप्पासाहेब कडाडले. “माझ्या एका फोनवर माणसं धावत येतात, बघच!”

त्यांनी जुन्या ड्रायव्हरला फोन लावला, मग जुन्या शिपायाला. कोणीच उचलला नाही.

तोवर शरयूने पकडीने खिळा उपसला, भोकात रबराची पट्टी ठासली आणि डिकीतला पंप लावून हवा भरली.

“तुमच्याकडे माणसं होती, भाऊजी,” हात पुसत ती म्हणाली. “माझ्याकडे कोणी नाही, म्हणून पंप ठेवते.”

बरंच अंतर गेल्यावर अप्पासाहेबांनी हळूच विचारलं, “हा पंप मिळतो कुठे गं?”