घारपाठीची वाट

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा डोंगर आजच्यापेक्षा चार हात उंच होते. पुढे पावसानं झिजून झिजून ते आत्ताएवढे झाले. शेळ्या तेव्हा बोलत असत, आणि माणसं तोंडात घास असताना बोलत नसत. एक जागा सोडून. त्या जागेचीच ही गोष्ट.

एका राज्याच्या टोकाला एक उभा कडा होता. कड्याच्या पायथ्याशी एक गाव आणि माथ्यावर दुसरं. खालच्या गावात फोडणी पडली की वरच्या गावात शिंका येत, इतकी ती जवळ. पण एका गावातून दुसऱ्यात जायचं तर वाटा दोनच. एक डोंगराला वळसा घालून जाणारी, तीन दिवसांची. बैलसुद्धा डुलक्या घेत चढेल अशी. दुसरी सरळ कड्यावरून. सकाळी निघालं तर न्याहारीला वर.

या दुसऱ्या वाटेला पायऱ्या नव्हत्या. कातळात पंजा मावेल एवढे खाचे खोदलेले होते, त्यांना पावठ्या म्हणत. पहिल्या शंभर पावठ्या एका कपारीतून जात. दोन्ही बाजूंना भिंत, सावली गार, भीती कसली ती नाही. मग वाट वळे, आणि घारपाठ लागे. डाव्या हाताला कातळ. उजव्या हाताला काहीच नाही. फक्त वारा. एरवी आपण घारीचं पोट पाहतो. इथं घार खाली उडत असे आणि तिची पाठ दिसे. म्हणून ते नाव.

त्या वाटेच्या तोंडाशी एक म्हातारा वाटाड्या राहत असे. एक झोपडी, एक ताकाचा माठ आणि एक पांढरी शेळी, एवढा त्याचा संसार. जो कोणी वर जायला येई त्याला तो कपारीत अर्ध्या वाटेवर न्यायचा. तिथं कातळाला एक भोक होतं आणि त्यातून सगळी दरी दिसायची. तिथं उभं करून वाटाड्या त्याला मूठभर कोरडं सातूचं पीठ तोंडात टाकायला सांगे.

"आता पूर्ण नाव सांगा. बापाचं सांगा. गावाचं सांगा."

परीक्षा एवढीच. मन घाबरलं की तोंडाला कोरड पडते. कोरड्या तोंडात पीठ टाळूला चिकटतं, आणि माणसाला बापाचं नावसुद्धा सांगता येत नाही. ज्याला बोलता आलं, तो वर जाई. ज्याला नाही आलं, त्याला वाटाड्या खाली आणून ताक पाजी आणि म्हणे, "आज नाही." कायमचं नाही असं तो कुणालाच म्हणाला नाही. आणि खालच्या गावाचा एक दंडक होता: परत फिरलेल्याला कुणी हसायचं नाही. हसला, तर हसणाऱ्यानंच उद्या पीठ खायचं. त्या काळी माणसं अशी होती हो. पुढे जाणाऱ्याला पाणी विचारायला विसरतील, पण मागं फिरणाऱ्याला ताक दिल्याशिवाय सोडणार नाहीत.

तर, या खालच्या गावात एक पैलवान होता. एकदा म्हणे त्यानं रेड्याला शिंगं धरून बसवलं होतं आणि तोंड धुऊन झाल्यावर उठवलं होतं. रेडा मी पाहिलेला नाही. पण त्याची पाठ आजवर कुणी जमिनीला लावलेली नव्हती, हे मात्र सगळे सांगत.

या पैलवानाची एकुलती एक लेक, तानू, वरच्या गावात दिली होती. तिचं पहिलं बाळंतपण आलं. रीतीप्रमाणे ती माहेरी यायची. पण त्या वर्षी वळसावाटेवर दरड कोसळली होती, आणि ती साफ होईतो तानूचे दिवस भरत आले. घारपाठीवरून पोटुशीला कोण उतरवणार? ती वरच राहिली. असं ठरलं, की दिवस जवळ आले की वरचे लोक कड्याच्या काठावर पांढरं कापड सोडतील, आणि वेळ आली की लाल.

एका सकाळी पांढरं कापड फडकलं.

वर सुईण नव्हती. सुईण होती ती खालच्या गावात: भिवराई. साठीची बाई, वजनानं काटक्यांची मोळी. त्या दिवशी ती शेजारच्या वाडीत दुसऱ्या बाळंतिणीपाशी अडकलेली होती. "उद्या सकाळी निघते," असा तिनं निरोप धाडला.

पैलवानाच्या बायकोनं डिंकाचे लाडू वळून गाठोडं बांधलं. म्हणाली, "अहो, लाडू भिवराई नेईल. दरड आता काढलीय. तुम्ही वळसावाटेनं आजच निघा."

"मी? वळशानं? बैलासारखा?" पैलवान गुरगुरला. "लेक माझी. लाडू मी नेणार, आणि कड्यावरून नेणार."

तो तडक वाटाड्याकडे गेला. कपारीतल्या भोकाशी उभा राहिला, खाली एक नजर टाकली आणि मूठभर पीठ तोंडात भरलं.

"हं, नाव सांगा," वाटाड्या म्हणाला.

पैलवानानं तोंड उघडलं, आणि नावाऐवजी पांढरा धूर बाहेर आला. फूऽऽ! त्याच्या मिशा पांढऱ्या झाल्या, वाटाड्याच्या भुवया पांढऱ्या झाल्या. पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा फूऽऽ!

वाटाड्या हसला नाही. दंडक होता. शेळी मात्र हसली, कारण दंडक माणसांपुरता होता.

"पैलवान, आज नाही," वाटाड्या म्हणाला. "चला, ताक घ्या. आत्ता निघालात तर तीन दिवसांत वळशानं पोचाल."

"ताक बायकापोरांना द्या," असं म्हणून पैलवान घरी आला. लेकीच्या काळजीनं त्याचा जीव खालीवर होत होता, हे खरं. पण रेड्याला बसवणाऱ्याला पिठानं बसवलं, हे त्याला त्याहून जास्त टोचत होतं, हेही तितकंच खरं. अखेर त्याला एक युक्ती सुचली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो परत हजर. शेजारी भिवराई, डोक्याला फडकं बांधून.

वाटाड्यानं आधी भिवराईला पीठ दिलं. तीस वेळा वर जाऊन आलेली बाई. पण तिनंही मुकाट्यानं मूठ तोंडात टाकली आणि नाव, बाप, गाव सांगून टाकलं.

"मावशी, तुम्हाला कशाला हवी परीक्षा?" पैलवान म्हणाला.

"काल धीट होते म्हणून आज आहेच, असं थोडंच?" भिवराई म्हणाली. "रोजचं पीठ रोज खावं लागतं, बाबा."

मग पैलवानाची पाळी. त्यानं पीठ तोंडात टाकलं आणि दवंडी पिटावी तसं नाव सांगितलं. बापाचं सांगितलं, आज्याचं सांगितलं, न विचारता पणज्याचंही सांगितलं.

वाटाड्या त्याच्याकडे बघत राहिला. "आवाज तर खणखणीत आहे. पण पैलवान, डोळा असा मिचमिचा का?"

"ऊन लागतंय."

"कपारीत?"

"मला लांबूनही लागतं," पैलवान म्हणाला. खरं म्हणजे त्याच्या डाव्या गालात आवळ्याएवढा चिंचेचा गोळा होता. तोंडाला नुसतं पाणी सुटलं होतं; पीठ काय, भिंतीचा चुनासुद्धा गिळला असता.

वाटाड्यानं हात जोडले. "परीक्षा तुमच्यासाठी होती, पैलवान. माझ्यासाठी नाही. या."

"पैलवान, मला पुढं होऊ द्या," भिवराई म्हणाली. "मला घाई आहे."

"बाईमाणसाच्या मागून मी जाऊ? लोक काय म्हणतील?" असं म्हणत तो पुढं झाला. लाडवांचं गाठोडं पाठीवर, आणि भिवराई मागं.

कपारीतल्या पावठ्या तो धडाधड चढला. वळण आलं. घारपाठ आली. एक, दोन, दहा, पंधरा. सतराव्या पावठीवर त्याच्या पायाखालून काहीतरी तपकिरी तरंगत गेलं. घारीची पाठ.

गालातली चिंच होती तिथंच होती. पण तिचं पाणी मात्र आटलं.

पैलवान कातळाला पालीसारखा चिकटला. वर बघवेना, खाली बघवेना, डोळे मिटले तर कडा फिरू लागला.

"पैलवान, चला," मागून भिवराई म्हणाली.

"चाललोय."

"कुठं? मला तर तुमची टाच मघापासून तिथंच दिसतेय."

तेवढ्यात वाटाड्याची शेळी वरच्या बोटभर कंगोऱ्यावर येऊन उभी राहिली. रवंथ करत म्हणाली, "पैलवान, इथं का थांबलात? इथं तर चारासुद्धा नाही." मग जरा विचार करून म्हणाली, "लाडू तेवढे माझ्याकडे द्या. भार हलका होईल."

पैलवानानं कातळ आणखी घट्ट धरला.

आणि तेव्हाच वरच्या काठावरून लाल कापड सुटलं.

भिवराईनं ते पाहिलं. तिचा आवाज बदलला. "पैलवान, तानूची वेळ आली. तिच्या नि माझ्या मधे आता एकच अडचण आहे. आणि तिला मिशा आहेत."

पैलवानाच्या डोळ्यांतून पाणी आलं. "मावशी, मी फसवलं. माझ्या गालात चिंच होती. मला हलता येत नाही. ना वर, ना खाली. माझ्या लेकीची वाट मीच अडवली."

भिवराईनं वाट निरखली. त्या वाटेवर दोन माणसं शेजारी मावत नव्हती, आणि माघार घ्यायलाही वेळ नव्हता.

"पैलवान, वर जायची ताकद तुमच्यात नाही. जागेवर उभं राहायची आहे का?"

"आहे."

"खात्रीनं सांगा. यावेळी चिंचेविना."

पैलवानानं चिंच थुंकली. ती बराच वेळ पडत राहिली. "आहे, मावशी. कातळ हलेल, मी नाही हलणार."

"मग गुडघा वाकवा. आणि काही झालं तरी हलू नका."

"हलता आलं असतं तर वर गेलो नसतो का!"

भिवराईनं पदर खोचला. तिनं एक पाय पैलवानाच्या पोटरीवर ठेवला, दुसरा कमरेच्या शेल्यात, मग खांद्यावर. जी पाठ कुणी जमिनीला लावली नव्हती, त्या पाठीवरून साठीची बाई चढत गेली. वर जाता जाता तिनं लाडवांचं गाठोडं सोडवून घेतलं, शेवटचा पाय त्याच्या पागोट्यावर दिला, आणि ती पलीकडच्या पावठीवर पोचली. पैलवान तसूभर हलला नाही. शेळी म्हणाली, "हे मात्र चांगलं केलंत," आणि लाडवांच्या मागं निघून गेली.

मग खालून वाटाड्या आला. पैलवानाची टाच धरून त्यानं एकेक पाऊल खाली घेतलं. "डावा. आणखी डावा. आता उजवा. नाही, तो तुमचा हात आहे." सतरा पावठ्या उतरायला दुपार झाली.

पायथ्याशी अख्खं गाव गोळा झालं होतं. कुणी हसलं नाही. वाटाड्यानं ताक पुढं केलं. पैलवान तीन लोटे प्याला, आणि चिंचेची सगळी हकीकत त्यानं स्वतःच्या तोंडानं सगळ्यांना सांगितली. त्या दिवसापासून वाटाड्या पीठ देण्याआधी म्हणू लागला, "आ करा."

घरीसुद्धा न जाता पैलवान वळसावाटेला लागला. तीन दिवस चालला. वाटेत त्याला एकच विचार: वर काय झालं असेल? पहिल्या दिवशी बायकोचं ऐकून निघालो असतो तर एक दिवस आधी पोचलो असतो, हाही हिशेब पाय टाकता टाकता मनात येत राहिला.

चौथ्या दिवशी तो तानूच्या अंगणात उभा राहिला. आतून कसलाच आवाज येईना, तसा तो उंबऱ्याशीच थबकला. मग भिवराई दारात आली, काखेत नात घेऊन.

"नाळेचा वेढा गळ्याभोवती होता," ती हळूच म्हणाली. "मी आत शिरले आणि वेढा सोडवला. घारपाठीवर आणखी थोडा वेळ गेला असता, पैलवान, तर मी आत्ता रिकाम्या हातांनी दारात आले असते." एवढं बोलून तिनं नात त्याच्या हातात दिली. घारपाठीवरचं काहीच तिनं घरात कुणाला सांगितलं नव्हतं.

आतून तानूनं विचारलं, "आबा, इतके दिवस का लागले? कड्यावरून यायचं ना. तुम्हाला काय कठीण?"

पैलवानानं भिवराईकडे पाहिलं. ती लाडू खात आढ्याकडे बघत होती. खोटं बोलायला वाट मोकळी होती.

"नाही गं," पैलवान आत येत म्हणाला. "ती वाट मला झेपत नव्हती. झेपते असं मी दाखवलं, आणि तुझं लेकरू थोडक्यात वाचलं. म्हणून लांबून आलो."

तानूनं बाजेवर थोडी जागा केली. "बसा आबा. पाय सुजलेत तुमचे."

आता ती वाट राहिलेली नाही. पावठ्या बुजल्या, झोपडी पडली, आणि "आज नाही" एवढं मायेनं सांगणारी माणसंही कुठं दिसत नाहीत. घारी मात्र अजून तिथं उडतात, आणि अजून त्यांची पाठ दिसते म्हणे. कधी तसल्या वाटेच्या तोंडाशी उभं राहायची वेळ आलीच, तर लहानांनो आणि मोठ्यांनो, एवढं ध्यानात ठेवा:

आपली तयारी नाही हे कबूल करून जो मागं फिरतो, तो उशिरा का होईना पोचतो. पण जो स्वतःला फसवून पुढं जातो, तो आपल्याच माणसांची वाट अडवून बसतो.