निळोबाचा डावखुरा पाळणा

कासारखेडे नावाच्या गावी निळोबा नावाचा एक भोळा गृहस्थ राहत असे. तो डावखुरा होता. त्यात त्याचा काही दोष नव्हता. बाकीचे सर्व दोष मात्र त्याचे स्वतःचे होते.

त्याच्या सासूबाईंनी निरोप धाडला, "बारशाला तुमच्या हातचा पाळणा तयार असेल, तरच लेक आणि नात तुमच्या घरी राहतील. नसेल, तर दोघींना परत घेऊन जाईन."

निळोबाने जन्मात कधी खिळा ठोकला नव्हता. तो गावचे सुतार रखमाजी मिस्त्री यांना घेऊन करवतीचे यंत्र आणायला गेला.

"तू डावखुरा," मिस्त्री म्हणाले. "बटण डाव्या हाताला येईल असे यंत्र निवड."

पहिल्याच यंत्राचे बटण उजवीकडे होते. निळोबा त्याच्या मागे जाऊन उभा राहिला. "आले की हो डावीकडे! बांधा हेच."

घरीही तो यंत्रामागेच उभा राहिला. फिरत्या पात्याला फळी टेकवली मात्र, ती हातातून सुटली, मिस्त्रींच्या कानाजवळून गेली आणि शेजारणीच्या लोणच्याच्या बरणीवर आदळली.

"अरे शहाण्या," मिस्त्री ओरडले, "माझा हात उजवा, तुझा डावा. मी करतो त्याच्या उलट करीत जा!"

मिस्त्रींचीही चूकच झाली. समोर कोण आहे हे पाहून बोलावे.

मिस्त्रींनी धोतराचा काचा मारला, निळोबाने सोडला. मिस्त्रींनी चष्मा लावला, निळोबाने काढला. पाते बदलायचे म्हणून मिस्त्रींनी यंत्र बंद केले. निळोबाने तत्परतेने सुरू केले. मिस्त्री जीव घेऊन अंगणात पळाले. निळोबा अर्थातच जागचा हलला नाही. पात्याने त्याचे अर्धे धोतर नेले.

"फळ्या मीच कापून देतो," मिस्त्री कपाळाला हात लावून म्हणाले. "माझ्या घरी पाळणा टांगलेला आहे. तो नीट पाहा आणि तू नुसता जोडून टांग."

बारशाला बायका जमल्या, मिस्त्रीही आले. घुगऱ्या शिजल्या. सासूबाई नातीला घेऊन पुढे झाल्या. निळोबाने पाळण्यावरची चादर ऐटीत ओढली.

पाळणा भक्कम होता. बूड आढ्याकडे, तोंड जमिनीकडे.

"जावईबापू," सासूबाई थंडपणे म्हणाल्या, "मूल ठेवायचे कुठे?"

"आत. खालून. मिस्त्रींच्या पाळण्याचे तोंड वर होते ना!"

सासूबाईंनी एका हाताने नात सावरली, दुसऱ्या हाताने लेकीचे मनगट धरले आणि आल्या वाटेने उलट पावली चालू लागल्या.

निळोबाचा चेहरा उजळला.

"पाहिलेत, मिस्त्री? आमच्या सासूबाईही डावखुऱ्याच निघाल्या!"