सगळे म्हणाले, चालेल

फार जुनी गोष्ट. तेव्हा नद्यांवर पूल नव्हते, पण माणसांना घाई मात्र आजच्याइतकीच होती.

नदीकाठी एक गाव होतं. त्या वर्षी पुराने गावाचं भाताचं बियाणं वाहून नेलं. गावाच्या दलदलीत दुसरं कुठलंच भात तग धरत नसे. तसं बियाणं फक्त आणखी एका गावात होतं, पण ते नदीच्या वरच्या अंगाला, घनदाट रानापलीकडे. तिथे जायला वाट नव्हती. होडीनेच जायचं, रानात मुक्काम करत जायचं आणि पेरणीच्या आत परतायचं. बियाणं आलं नाही तर गावाच्या पोटाला चिमटा बसणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

गावच्या पाटलीणबाईंना बेत आखायची भारी हौस. लग्न असो की बारसं, बेत त्यांचाच. त्यांनी अंगणात रांगोळीने नदी काढली आणि मुक्कामाच्या जागी एकेक सुपारी ठेवली. होडीत चौघं जाणार होती. स्वतः बाई, सुकाणू धरायला कोळी, वल्हवायला आणि रांधायला गुरव, आणि पुढे बसून पाण्यातले खडक हेरायला सुतार. सुताराची नजर अशी की पलीकडच्या डोंगरावरचा ससा त्याला अलीकडून दिसे.

बाई एकेका सुपारीवर बोट ठेवून विचारत, "चालेल?"

"चालेल," सगळे म्हणत.

शेवटी त्या म्हणाल्या, "येताना शेवटच्या दिवशी दिवस बुडता बुडता खळाळ ओलांडायचा. म्हणजे रात्रीचं जेवण घरी. चालेल?"

खळाळ म्हणजे नदी खडकांवरून उड्या घेत जाई ती जागा. कोळी म्हणाला, "चालेल." गुरव म्हणाला, "चालेल." सुतार जरा घुटमळला, पण तोही म्हणाला, "चालेल."

घरी त्याची बायको चिडली. "अहो, दिवेलागणीनंतर तुम्हाला दारातली गाय दिसत नाही, पाण्यातला खडक काय दिसणार? सांगा की बाईंना!"

"चारचौघांत?" सुतार म्हणाला. "सगळे चालेल म्हणतायत, मी एकट्यानंच मोडता घालू? हसतील मला."

त्याला आपल्या रातांधळेपणाची लाज वाटत होती. लाज वाटली की माणूस शहाण्या बायकोचंही ऐकत नाही.

होडी निघाली. जाताना काही बिघडलं नाही. पलीकडच्या गावाने बियाणं दिलं, वर जेवूही घातलं. परतीच्या शेवटच्या दिवशी होडी खळाळाच्या वर आली तेव्हा ऊन उतरलं होतं. काठाला सपाट, कोरडी वाळू होती. तिथे उतरून रात्र काढता आली असती.

बाईंनी सगळ्यांकडे बघून विचारलं, "ठरल्याप्रमाणे पुढे जायचं. चालेल ना?"

"चालेल," तिघेही म्हणाले.

होडी खळाळात शिरली आणि अंधारून आलं. सुतार डोळे ताणून बसला, पण त्याच्यापुढे नुसता काळोख होता. "डावीकडे की उजवीकडे?" कोळी मागून ओरडला. होडी खडकावर आपटून उलटली.

माणसं कशीबशी काठाला लागली. बियाणं गेलं.

ओल्या कपड्यांनी कुडकुडत सुतार रडला. "मला संध्याकाळी दिसत नाही," तो म्हणाला.

कोळी खाली मान घालून म्हणाला, "माझा खांदा सकाळपासून उचलत नव्हता. मला वरच थांबायचं होतं."

"मलाही," गुरव म्हणाला. "खळाळाचा आवाज ऐकूनच मी घाबरलो होतो."

पाटलीणबाईंनी ओला पदर पिळला. मग म्हणाल्या, "थांबावंसं मलाही वाटत होतं. पण बेत माझा, मीच कसा मोडू? आणि तुम्ही तरी बोलला का नाहीत?"

"बाई, तुम्ही विचारत होता चालेल का," गुरव म्हणाला. "त्याला माणूस दुसरं काय म्हणणार?"

त्या वर्षी शेतं ओस पडली. गावाने रानातले कंद उकडून दिवस काढले. काही घरं कंटाळून गाव सोडून गेली.

पुढच्या वर्षी बाईंनी पुन्हा रांगोळीची नदी काढली. या वेळी मात्र त्यांनी विचारलं, "कुणाचं कुठं अडतंय, ते सांगा. सांगितल्याशिवाय उठायचं नाही."

आधी सुतारच उभा राहिला. सगळ्यांसमोर म्हणाला, "मला संध्याकाळनंतर दिसत नाही." कुणीही हसलं नाही. बाईंनी शेवटचा मुक्काम खळाळाच्या वर ठेवला. रात्रीचं जेवण वाळूवर झालं आणि दुसऱ्या दिवशी उन्हं वर आल्यावर बियाणं सुखरूप गावात पोचलं.

गाव पेरणीला लागलं. गाव सोडून गेलेल्यांच्या शेतांत मात्र गवतच राहिलं, कारण ती माणसं काही परत आली नाहीत.

तात्पर्य: जिथे ‘नाही’ म्हणायला जागा नसते, तिथला ‘चालेल’ सगळ्यांची मेहनत पाण्यात घालवतो.