पायपट्टीवरची जनसुनावणी

फार लांब नाही आणि फार जुनंही नाही, असं एक रान होतं. तिथे वाघमहाराज राज्य करत आणि धंदा करणाऱ्या प्रत्येकाकडून पायपट्टी घेत. जितके पाय, तितका कर. पाय जास्त म्हणजे धावपळ जास्त आणि धावपळ जास्त म्हणजे कमाई जास्त, असा दरबारी हिशोब होता. रानातला निम्मा व्यापार गिळून बसलेल्या अजगरशेठना पायच नव्हते. त्यामुळे त्यांना बिचाऱ्यांना कर माफ होता.

वेणूबाई गोम पळसाच्या पत्रावळी लावायची. पायागणिक एक पत्रावळ दरबारात भरता भरता तिच्या नाकी नऊ आले होते. थोडे पाय काढून टाकता येतील का, असं तिने बगळेवैद्यांना विचारूनही पाहिलं. आता काही सूट मिळाली नाही, तर दुकानाला कुलूप लागणार होतं.

अशात दवंडी पिटली गेली. महाराज करपद्धती सुधारणार होते आणि त्याआधी पाणवठ्यावर जनतेचं म्हणणं ऐकणार होते.

शेजारचा गूळवाला धोंडू मुंगळा म्हणाला, "वहिनी, आपलं कोण ऐकतंय?"

"ऐकतील हो भावजी. ऐकायचं नसतं तर एवढा मांडव कशाला घातला असता?"

मांडव खरंच झकास होता. महाराजांनी ऐकण्यासाठी नेमलेल्या समितीचे अध्यक्ष कोल्हेसाहेब अजगरशेठच्या वेटोळ्यावर रेलून बसले होते, कारण खुर्च्या कमी पडल्या होत्या. शेठ नुकतेच जेवले होते. ते डोळे मिटून पडून राहिले.

"बंधुभगिनींनो," कोल्हेसाहेब म्हणाले, "मोकळेपणाने बोला. कोण काय बोललं, ते आम्ही कधीच विसरत नाही."

टाळ्या पडल्या. वेणूबाई उभी राहिली. सगळे पाय सरळ करायचे असल्याने त्याला जरा वेळ लागला.

"साहेब, हे पाय मी काय हौसेने घेतलेत? पाय मोजण्यापेक्षा पोट मोजा की."

मग धोंडू बोलला, शेळी बोलली, बेडूक तर थांबेचना. कोल्हेसाहेब प्रत्येकाला मान डोलावत होते. आपलं कोणीतरी ऐकतंय, या आनंदाने वेणूबाईला रडूच आलं.

आणि खरोखर सुधारणा झाली. पायपट्टी रद्द झाली, तोंडपट्टी आली. 'एक रान, एक तोंड, एक कर' अशा पताका झाडोझाडी लागल्या. गरीब असो की शेठ, तोंड सगळ्यांना एकच. वेणूबाईने गल्लीत गूळ वाटला.

दुसऱ्या दिवशी माकड कारकून वसुलीला आला. त्याने सांगितलेला आकडा तिच्या सगळ्या पायांच्या पट्टीपेक्षा मोठा होता.

"शेठनीही एवढीच भरली का?" तिने विचारलं.

"शेठना तोंड असल्याचं सिद्ध झालेलं नाही. सुनावणीत त्यांनी ते उघडलंच नाही. तुमचं मात्र समितीने स्वतः पाहिलंय, बाई."

वेणूबाईने दुकान बंद केलं. तोंड मात्र सरकारदरबारी तिच्या नावावर चढलेलंच राहिलं.

पुढे तोंडपट्टी दुप्पट करण्यावर सुनावणी ठेवली गेली. गैरहजर राहणाऱ्याला दंड होता, त्यामुळे झाडून सगळे आले. वेणूबाई पहिल्याच रांगेत बसली, तोंडावर मावतील तितके पाय घट्ट दाबून. बेडकाने तोंडात चिखल भरून आणला होता. कोल्हेसाहेबांनी पुन्हा पुन्हा विचारलं, "कोणाची काही हरकत?"

अहवालात नोंद झाली की, जनतेचा प्रतिसाद विक्रमी होता आणि हरकत एकही आली नाही.