राखाडी झुडूप आणि चौकस माशी

एका जंगलाच्या कडेला, जिथे झाडे विरळ होत जातात आणि खडकाळ माळ सुरू होतो, तिथे एका बाभळीच्या ढोलीत मधमाश्यांचे एक पोळे राहत असे. तुम्ही म्हणाल, पोळे कसे राहील, राहतात त्या माश्या. खरे आहे. पण या माश्या इतक्या एका मताच्या होत्या, की त्यांना पुष्कळ माश्या म्हणण्यापेक्षा एक पोळे म्हणणेच सोपे. एकीने पूर्व म्हटले की साऱ्यांची तोंडे पूर्वेला. एकीने एखाद्या फुलाला नावे ठेवली की त्या फुलाकडे पुन्हा कोणी ढुंकूनही पाहत नसे.

याला कारण त्यांची एक जुनी रीत. माशीने फुलावर बसायचे, सोंड घालायची, मकरंद मिळाला तर प्यायचा. नाही मिळाला तर पायाने त्या फुलाला एक वास लावून उठायचे. त्या वासाचा अर्थ एवढाच, की इथे काही नाही. मागून येणारी माशी तो वास दुरूनच हुंगे आणि न बसता पुढे जाई. वेळ वाचे, पंखही वाचत. रीत चांगलीच होती, आणि तिच्या जोरावर पोळ्याने कितीतरी उन्हाळे काढले होते.

या पोळ्यात एक चौकस माशी होती. कामाला वाईट नव्हती, पण वाटेत थांबायची फार. कोळ्याने जाळ्याचा पहिला धागा कुठे बांधला, सरडा मान का हलवतो, मुंगी अंडे तोंडात धरून निघाली ती कुठे, हे सगळे तिला पाहायचे असे. बाकीच्यांच्या दोन खेपा होत तेव्हा हिची एक. नाही तिथे नाक खुपसणारी अशी तिची ख्याती होती. तिला त्याचे वाईट वाटत नसे असे नाही. पण पुढच्या खेपेला ती पुन्हा थांबेच.

त्या वर्षी उन्हाळा लवकर आला आणि हटून बसला. पळसाचा बहर सरला, पांगाऱ्याची फुले गळाली, माळावरच्या गवताची तर काडी न् काडी करपली. फुललेले असे एकच काय ते उरले होते. उताराच्या बाजूला, दगडांच्या फटीफटीतून, एक राखाडी झुडूप वाढत असे. पाने जाड आणि त्यांवर पांढरट लव. पान चुरडले तर असा उग्र दर्प येई की शेळ्यासुद्धा त्याला तोंड लावत नसत. झेंडू, शेवंती, सूर्यफूल यांच्याच गोतातले ते, पण थाटमाट काही नाही. तुमच्या सदऱ्याच्या बटणाएवढी फिक्या जांभळ्या रंगाची फुले, आणि त्यांना पाकळीसुद्धा दिसत नसे. ऊन जितके तापे तितके हे झुडूप खुशीत असे.

पोळ्याच्या टेहळणीचे काम एका जुन्याजाणत्या माशीकडे होते. सगळ्या तिला आक्का म्हणत. आक्काने आजवर कधी चुकीची वाट दाखवली नव्हती, म्हणून तिच्या शब्दाला मान होता. ती या झुडपावर सर्वांत आधी गेली होती. या बटणावर बसली, त्या बटणावर बसली, मधोमध सोंड घालून पाहिली. कोरडे ठणठणीत. रीतीप्रमाणे तिने वास लावला आणि परतली. तिच्यामागून ज्या गेल्या त्यांनी तो वास हुंगला, आक्का म्हणते ते खरेच असणार असे ठरवले, आणि जाता जाता आपलाही वास त्यावर लावून ठेवला. सोंड कोणी घातलीच नाही. पाहणारी एक आणि साक्ष देणाऱ्या शंभर, अशातली ती गत झाली; पण वास मात्र रोज ताजा होत राहिला.

इकडे पोळ्यातले मधाचे कोठे एकेक करून रिकामे झाले. राणीमाशीने सगळ्यांना जवळ बोलावून सांगितले, की आता इथे राहण्यात अर्थ नाही. ऊन चढले की सर्वांनी उठायचे आणि डोंगरापलीकडे दुसरी जागा शोधायची. ज्यांना पंख होते त्यांच्यासाठी हे ठीक होते. पण पोळ्याच्या मधल्या भागात, मेणाच्या झाकणांखाली, पंख न फुटलेली पिल्ले होती. त्यांना उडता येत नाही आणि उचलून नेताही येत नाही. पोळे उठले की ती मागे राहतात, आणि मागे राहिलेल्यांचे काय होते ते मी सांगायला नको. राणीमाशीलाही ते ठाऊक होते, म्हणून तिने त्यांचे नावच काढले नाही.

चौकस माशीने त्यांतल्या कितीतरी पिल्लांना स्वतःच्या तोंडाने भरवले होते. वाद घालायला तिच्याजवळ काही नव्हते, कारण मध संपला होता हे खरेच होते. दोन थेंब पाणी तरी आणून झाकणांवर शिंपडावे, पिल्लांना तेवढाच गारवा, असे म्हणून ती एकटीच ओढ्याच्या डबक्याकडे निघाली.

वाट उतारावरून जात होती. राखाडी झुडपांवरून जाताना तिच्या नाकात तो ओळखीचा वास भरला, आणि रीतीप्रमाणे ती वळणारच होती. इतक्यात तिला एका जांभळ्या बटणावर एक भुंगेरा बसलेला दिसला. हा भुंगेरा साऱ्या माळावर आळशी म्हणून प्रसिद्ध होता. पाऊस आला तरी जागचा हलायचा नाही. आणि असा तो, या दुष्काळात, चांगला गुबगुबीत झाला होता.

झाले, चौकस माशी थांबली. ज्याला दुसऱ्या फांदीवर जायचा कंटाळा, तो कोरड्या फुलावर बसून जाड कसा होईल, हे काही तिला सुटेना. तिने जवळ जाऊन त्याला विचारले, की या फुलात काही नाही असे आमचे सगळे पोळे म्हणते, मग तुम्ही खाता काय?

भुंगेऱ्याने डोळे अर्धवट उघडले. "मी कुठे जातच नाही गं बाई," तो म्हणाला. "काल कडेचं संपलं. आज त्याच्या आतलं उघडेल. आपण फक्त बसून राहायचं."

एवढे बोलून तो पुन्हा पेंगू लागला. त्याला यापेक्षा जास्त काही माहीत नव्हते, आणि माहीत करून घ्यायची हौसही नव्हती. पण माशीला ते 'कडेचं' आणि 'आतलं' काही केल्या कळेना. फूल म्हणजे फूल. त्याला कडेचे आणि आतले कुठून आले? ती शेजारच्या बटणावर बसली. तिच्याच बहिणींनी लावलेला वास तिला ऊठ ऊठ म्हणत होता. तिने डोके खाली घातले आणि नीट पाहिले.

ते एक फूल नव्हतेच. ते फुलांचे एक गाव होते. तिळाएवढी चिमुकली फुले, एकमेकांना चिकटून, दाटीवाटीने उभी. मुलांनो, तुमच्या दारचा झेंडूही असाच असतो बरे. आपण ज्याला त्याची पाकळी म्हणतो ते खरे तर एकेक लहान फूलच असते. या बटणातली कडेची फुले उमलून सुकली होती. मधली अजून घट्ट मिटलेली होती, आणि आक्काने नेमकी तिथेच सोंड घातली होती. आता माशी तिथेच बसून राहिली. ऊन जरा वर आले, तशी कडेच्या आतली एक चिमुकली कळी हलली, उघडली, आणि तिच्या तळाशी मकरंद चमकला. थेंब कसला, थेंबाचा कण. तिने तो घेतला. तोवर शेजारची उघडली, मग तिच्या पलीकडची. थेंबे थेंबे तळे साचे म्हणतात तसे माशीचे पोट भरत गेले, आणि बटण अजून अर्धेही संपले नव्हते. तिने मान वर करून पाहिले, तर साऱ्या उतारावर तशीच बटणे पसरलेली होती.

ती जिवाच्या आकांताने पोळ्याकडे परतली. ढोलीच्या तोंडाशी माश्यांची दाटी झाली होती आणि पुढच्या काही जणी हवेत उठल्याही होत्या. तिने आत शिरून नाच धरला. माश्या नाचूनच फुलांची वाट सांगतात, हे तुम्हाला माहीत असेलच. पण तो नाच उताराकडची वाट दाखवतो आहे हे कळताच साऱ्यांनी पाठ फिरवली. काही जणी हसल्या. निघायच्या वेळी हिचे हे काय भलतेच, असे एकीने ऐकवले. मग आक्काच पुढे आली.

"ती जागा मी स्वतः पाहिली आहे," आक्का म्हणाली. "कोरडी आहे ती. निघताना कुणाला भलती आशा लावू नकोस."

चौकस माशीला रडू येत होते, पण तिने नाच थांबवला नाही. "आक्का, तुम्ही पाहिलंत तेव्हा कोरडीच होती," ती म्हणाली. "तुमचं काही खोटं नाही. पण तुम्ही उठून आलात, आणि फुलं उमलायची थांबली नाहीत."

आक्काला राग आला होता, हे काही लपले नाही. आजवर कोणी तिला असे बोलले नव्हते, आणि बोलणारी होती रोज उशिरा येणारी माशी. पण आक्का टेहळणीची माशी होती, आणि पाहून येणे हेच तिचे काम होते. तिने राणीमाशीला थोडे थांबायची विनंती केली आणि ती चौकस माशीच्या मागून उतारावर गेली.

झुडपाशी आल्यावर आक्काला आधी वास आला. त्यात तिचा स्वतःचाही होता. ती त्या बटणावर बसली, सोंड घातली, आणि काही मिळाले नाही. लगेच उठायची तिची जन्माची सवय. पाय उचललेही होते. पण शेजारच्या बटणावर चौकस माशी मुकाट्याने बसून होती, म्हणून आक्काही बसली. काही वेळाने आक्काच्या अगदी तोंडासमोर एक कळी उघडली.

आक्का तो कण प्यायली. मग दुसरा प्यायली. "माझ्या वासावर सगळं पोळं उठलं असतं," ती हळूच म्हणाली, "आणि पिल्लं मागे राहिली असती."

परत आल्यावर आक्काने ढोलीच्या तोंडाशी, सर्वांच्या देखत, तोच नाच केला. हवेत उठलेल्या माश्या खाली उतरल्या आणि तिच्यामागून उताराकडे निघाल्या. तिथे पोहोचल्यावर मात्र वासाने त्या पुन्हा बिचकल्या आणि झुडपांवर नुसत्याच घिरट्या घालू लागल्या. तेव्हा आक्का पुढे झाली, स्वतःचा वास लागलेल्या बटणावर सगळ्यांसमोर बसली आणि उठली नाही. मग एक एक करत साऱ्या बसल्या. दुपारपर्यंत कोठ्यांत ओलावा दिसू लागला, आणि राणीमाशीने निघायची गोष्ट पुन्हा काढली नाही. भुंगेऱ्याला एवढी गर्दी मुळीच आवडली नाही, पण दुसरीकडे जायचा त्याला कंटाळा होता.

पुढे मेणाची झाकणे आतून कुरतडली गेली आणि नव्या माश्या बाहेर आल्या. त्यांच्या पंखांत बळ येऊन पहिल्यांदा माळावर जायची वेळ आली, तेव्हा त्यांतल्या एकीने आक्काला विचारले, की कोणत्या फुलांवर बसायचे नाही ते आधीच सांगून ठेवा, म्हणजे आमची खेप फुकट जाणार नाही.

"ते मी नाही सांगणार, बाळ," आक्का म्हणाली. "तू जाऊन बघ. आणि गेलीस की लगेच उठू नकोस, थोडी बस."

तात्पर्य : एकदा डोकावून जे रिकामे दिसले त्यावर कायमचा शिक्का मारू नये, आणि दुसऱ्याच्या शिक्क्यावर आपला शिक्का मारण्याआधी स्वतः थांबून नीट पाहावे.